दगड दोन पावलं मागे

तिला वाटलं होतं, मी एव्हाना तळं झाले असेन.

तिच्याजवळ माझं चित्र होतं. निळं पाणी, काठाला लव्हाळं, हिरवागार उतार, बाकावर बसलेलं एक म्हातारं जोडपं आणि पाण्यात सहा बदकं. ती दूरदेशी शिकत असताना तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मालकाने, ते पाठवलं होतं. ती शिकत होती तेही नेमकं हेच: माणसाने खणून टाकलेली जमीन पुन्हा धड कशी करायची. तिने ते चित्र तिकडच्या खोलीत भिंतीला चिकटवलं, मैत्रिणींना दाखवलं, 'आमची खाण' म्हणून मिरवलं. मग पदवी हातात पडली आणि पोरगी बॅगा भरून सरळ घरी आली.

आली आणि माझ्या काठावर उभी राहिली. खाली मी होते. दोन मजली घर सहज बुडेल एवढा खड्डा, तळाशी तेलकट पाण्याचं डबकं, डबक्यात अकरा टायर, एक पोट फाटलेला सोफा आणि कोणाच्या तरी घरातलं फुटकं कमोड. बदक एकही नव्हतं.

"अजून काम सुरू झालं नाही का?" तिने शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाला विचारलं.

"काम चालूच आहे की ताई," मुकादम म्हणाला. "कालच आठ गाड्या माल गेला."

तर मी ही अशी बोलतेय. कागदावर मला खाण म्हणतात, घरात खड्डा. "जरा खड्ड्यावर जाऊन येतो," असं म्हणून मालक रोज सकाळी निघतो. ज्या खड्ड्यावर घर उभं राहिलं, गाडी आली, पोरगी शिकली, त्याचं नाव घेताना त्याच्या तोंडावर जी कळा येते, ती पायाला काही लागल्यावर येते. मलाही या लोकांबद्दल फारसा आदर नाही, तेव्हा फिटंफाट आहे.

इतर वस्तू काही ना काही जोडून बनतात. मी काढून काढून बनले. आधी इथे गवताचा माळ होता आणि त्याच्या पोटात एका जुन्या, मेलेल्या नदीची रेव. रेव म्हणजे पाण्याने घासून गुळगुळीत केलेले बारीक गोटे; घरांच्या पायात आणि रस्त्यांच्या पोटात घालतात ते. पहिल्या दिवशी वरची हातभर काळी माती खरवडून बाजूला ढीग घातला. "ही जपून ठेवायची," मालक तेव्हा म्हणाला होता, "खणून झालं की परत पसरायची." त्याचा आवाज तेव्हा अगदी देवळात बोलावं तसा होता.

मग ती माती मालकाच्या अंगणातल्या हिरवळीला गेली. डॉक्टरांच्या गुलाबांना गेली. शाळेच्या बागेला, बँकेच्या कुंड्यांना गेली. नेणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणाला, "दोन घमेली तर नेतोय." दोन-दोन घमेल्यांनी डोंगर कसा संपतो, ते मला विचारा. माझा सगळा जन्मच त्या हिशेबाने झालाय.

खड्डा दिसला की माणसाच्या हाताला खाज सुटते, हे मी फार वर्षं बघतेय. घरात जे नको असतं ते हातात घेऊन माणूस माझ्या काठाशी येतो, इकडेतिकडे बघतो, टाकतो आणि हात झटकून असा ताठ चालू लागतो, जणू दानधर्म करून निघालाय. तो सोफा टाकायला आलेलं कुटुंब तर आधी त्यावर बसून फोटो काढून गेलं.

ते तळ्याचं चित्र एका सल्लागाराने केलं होतं. तो माझ्याकडे एकदाच आला, गाडीतून उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, "छान आहे." ते चित्र त्याने आधी दुसऱ्या कुठल्याशा खाणीसाठी केलं होतं. फक्त बदकं नवीन काढली. माझ्या तळाशी पाणी टिकतच नाही, रेवेतून झिरपून जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मालकाला ठाऊक असून चालणार नव्हतं. परवाना मिळाला. चित्र कपाटात गेलं.

आता त्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि कार्यालयाने या वेळी खरा आराखडा मागितला होता: मोजमापांसह, सहीसह. मालकाने विचार केला, घरचीच पोरगी शिकून आलीय, बाहेरच्याला कशाला बोलवायचं.

"जमिनीची डॉक्टर आलीय," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "बघू, खड्ड्याला काय गोळ्या देते."

ती मात्र तापलेली होती. पहिल्याच दिवशी तिने मुकादमाला आणि चार कामगारांना काठावर उभं केलं आणि अर्धा तास भाषण दिलं. जमीन ही आपली उधार घेतलेली ठेव आहे, जखम झाकायची नसते, भरायची असते, असं बरंच काही. कामगार मान हलवत होते. एकाने शेवटी विचारलं, "ताई, मग टायर काढायचे का?" तिने काढायला सांगितले. त्यांनी काढले आणि दुसऱ्या टोकाला टाकले. मला हसायला येत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी माझा अर्धा कडा हसून ढासळला असता.

कड्यावरून आठवलं. सगळं पुढे घडलं ते त्या कड्यापायी.

माझ्या उगवतीच्या बाजूला, वर, एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं घर आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. तिच्या मागच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, त्या खोलीला लागून कुंपण आणि कुंपणापासून पुढे दहा मीटर रिकामी पट्टी. पट्टी मालकाची, पण तिथे खणायचं नाही असा नियम. दहा मीटर जिथे संपतात तिथे हद्दीचा दगड पुरलेला, पांढऱ्या रंगाचा. खणणाऱ्याने त्या दगडापासूनही दोन पावलं दूर राहायचं. एवढा सोपा नियम.

पोरीचा आराखडा त्या पट्टीवर उभा होता. माझा कडा भिंतीसारखा सरळ. तो उतरता करायचा तर वरून कापून खाली ओढायचा. दगडापासून वरच्या बाजूला सहा मीटर कापायचे, ती माती कड्याच्या पायथ्याशी घालायची, झाला उतार. शिवाय मावशींच्या कुंपणापर्यंत चार मीटर शिल्लक. बाहेरून एक घमेलं आणायला नको. तिने तो कागदावर काढला तेव्हा तिचे डोळे चमकले. कापायचं मशीन शनिवारी यायचं ठरलं.

मग ती पक्की मोजणी करायला बसली. तिपाईवर बसवायचं महागडं यंत्र तिने बरोबर आणलं होतं. दगडावरून मोजलं, आकडे लिहिले. मग माझ्या दुसऱ्या टोकाच्या दगडावरून तेच मोजलं. सात मीटरचा फरक. पुन्हा मोजलं. सात मीटर. दुसऱ्या दिवशी यंत्र पुसून, बॅटरी बदलून, वारा पडल्यावर मोजलं. सात मीटर.

मध्ये झुडपं होती, काटेरी, इतकी दाट की त्यांच्यापलीकडे तीन मीटर आहेत की तीस, ते इकडून कळू नये. झुडपं ओलांडून एकदा पलीकडे जावं हे तिला सुचलं नाही. नकाशावर दहा लिहिलं होतं आणि नकाशावर लिहिलेलं पुन्हा मोजायचं नसतं, असं तिला कुठे तरी फार पैसे भरून शिकवलं होतं. आणि दगड? दगड तर पांढराशुभ्र, रंग ताजा. तिने सगळ्यांवर संशय घेतला. यंत्रावर, उन्हावर, स्वतःच्या डोळ्यांवर. दगडावर नाही.

"यंत्र बिघडलं असेल," मालक म्हणाला. "नाहीतर तू."

"बाबा, मी तीनदा मोजलं."

"मग चौथ्यांदा मोजू नकोस. नकाशात जो आकडा आहे तो लिही. तेवढ्याचसाठी तर नकाशा असतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती रडकुंडीला येऊन त्या दगडाजवळ बसली होती. पलीकडून, झुडपांच्या मागून, आवाज आला.

"कोण गं ते? पाणी हवंय का?"

अगदी कानाजवळून. दहा मीटर दूरच्या माणसाचा आवाज असा येत नाही. पोरगी उठली, रस्त्याने वळसा घालून मावशींच्या घरात गेली आणि मागच्या दाराने बाहेर आली. तिथे एकाच दोरीवर सहा रंगांची कापडं दाटीवाटीने वाळत होती.

"कापायच्या आधी धुऊन घ्यावं लागतं," मावशी म्हणाल्या, "नाहीतर शिवल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडतं. तू मालकांची ना? कसलं मोजतेस तीन दिवस?"

पोरीने सांगितलं. उतार, गवत, फुलपाखरं. सांगता सांगता तिचा उत्साह परत आला. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान की. मग माझ्या दोऱ्या परत मिळतील?"

"कसल्या दोऱ्या?"

"इथे माझ्या तीन दोऱ्या होत्या, कुंपणापलीकडे. तुझ्या बाबांनीच परवानगी दिली होती, पट्टी रिकामीच आहे म्हणाले. आधी तिसरी गेली. मग दुसरी. मुकादम भला माणूस, दर वेळी येऊन सांगायचा, मावशी, खांब जरा अलीकडे घेतो. स्वतः खड्डा करून पुरून द्यायचा. गेल्या वर्षी तर नवा खांब आणून दिला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? इतका मायेने काढतो तो माणूस. फक्त आता या खोलीचं दार लागत नाही बघ. फरशीला चीर गेलीय. घर जुनं झालं, दुसरं काय."

पोरीने खिशातून मोजपट्टी काढली. महागडं यंत्र तिकडे तिपाईवर उभं होतं. ही साधी, सुताराकडे असते तसली. एक टोक मावशींच्या कुंपणाला लावलं आणि झुडपांत शिरली. हाताला काटे लागले, बाही फाटली. दगडाशी पोचली तेव्हा पट्टीवर तीन मीटर होते. तिच्या आराखड्यात तिथून सहा मीटर कापायचे होते. म्हणजे कुंपणाच्या आत तीन मीटर, म्हणजे अर्धी खोली, म्हणजे दोन्ही शिलाई मशिनं आणि त्यांपैकी एकावर बसलेल्या मावशी. आणि शनिवार परवावर आला होता.

ती तशीच मुकादमाकडे गेली. तो रेव चाळायच्या चाळणीपाशी बसून डबा खात होता.

"मुकादम काका, तो पांढरा दगड हलवलाय कोणी?"

"मीच की," तो घास गिळून म्हणाला.

"का?"

"आड येतो ताई. मशिनची बादली लागते त्याला. मग उचलून बाजूला ठेवतो आणि काम झालं की परत पुरतो. रंगही देतो दर वर्षी, तपासणीच्या आधी."

"पण परत कुठे पुरता?"

"काठापासून दोन पावलं मागे." आता त्यालाच तिच्या अज्ञानाची कीव आली होती. "नियमच आहे तो, ताई. दगड आणि काठ यांच्यात दोन पावलं पाहिजेत. बावीस वर्षं झाली, एकदाही चुकलो नाही. साहेब लोक येतात, पावलं टाकून बघतात, एक, दोन, आणि सही करून जातात. तुम्ही बघा ना टाकून."

मी खाली होते, मला सगळं ऐकू येत होतं. काठाने दगडाचं ऐकायचं असतं. इथे बावीस वर्षं दगड काठामागे चालत होता, शेपटासारखा, आणि एक प्रामाणिक माणूस त्याला दर वर्षी आंघोळ घालून रंग लावत होता. चोरी केली असती तर मी समजू शकले असते. चोराला निदान चोरी कळते. या माणसाने नियम पाळून पाळून सात मीटर खाल्ले होते आणि तपासणाऱ्यांनी दोन पावलं मोजून त्यावर ढेकर दिला होता.

"काका," ती शेवटी म्हणाली, "दोन पावलं काठाने मागे राहायचं होतं. दगडाने नाही."

मुकादमाच्या हातातला घास तसाच राहिला. त्याने दगडाकडे बघितलं, मावशींच्या छपराकडे बघितलं. डबा झाकला. मग एवढंच म्हणाला, "खांबही मीच पुरले."

संध्याकाळी मालकाच्या कचेरीत, म्हणजे माझ्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत, बापलेकीची जुंपली. शनिवारचं मशीन तिने रद्द केलं होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही. पुढचं ऐकून मात्र तो खुर्चीत सरळ झाला.

"कापता येत नाही, तर खालून भरायचं," ती म्हणाली. "कड्याला पायथ्यापासून टेकू द्यायचा. नाहीतर तो आपणहून येईल, मावशींच्या खोलीसकट. फरशीला चीर गेलीय, बाबा."

"कशाने भरणार?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथे चाळून ठेवलेल्या रेवेचा ढीग होता, घराएवढा, या हंगामाची सगळी कमाई. रस्त्याच्या कामासाठी तो सांगून ठेवला होता.

"तो?" मालक हसला. "पोरी, तो चाळलेला माल आहे. जिथून काढला तिथेच परत घालायचा? मग बावीस वर्षं आम्ही काय करत होतो?"

"तेच तर मी विचारतेय."

"हे बघ. कागद कागदाच्या जागी, खड्डा खड्ड्याच्या जागी. कापू नकोस, भरू नकोस. दहा मीटर लिही, सही कर, परवाना येऊ दे. पुढच्या वर्षी बघू कड्याचं."

"आणि कडा पुढच्या वर्षापर्यंत थांबला नाही तर?"

"इतकी वर्षं थांबलाय ना? त्यालाही सवय झालीय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशींना मी सांगतो, मागची खोली वापरू नका म्हणून. झालं?"

"दोन मशिनं आहेत त्यांची तिथे. पुढच्या खोलीत त्या झोपतात, स्वयंपाक करतात. काम कुठे करतील?"

"आता शिंपीणबाईच्या संसाराची काळजीही मीच करू? तुला शिकवलं कशाला मी, माझाच धंदा बंद पाडायला?"

ती गप्प झाली. मालकाला वाटलं, जिंकलो. मला तेच वाटलं. अशा गप्प झालेल्या पोरी मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांच्या मौनाचा शेवट सहीत होतो. 'सवय झालीय' म्हणे. मला कसली सवय होणार? रोज दुपारी कडा तापतो, रोज पहाटे थंड होतो, आणि दर वेळी मूठभर गोटे सुटतात. मला कोणाचा राग नाही, कोणाची दयाही नाही. मी पडेन तेव्हा कोण वर आहे ते बघून पडणार नाही. एवढं साधं माणसांना कळत नाही. त्यांना वाटतं, ओळखीचा खड्डा आहे, सांभाळून घेईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर आली, पण माझ्याकडे नाही, मावशींकडे. आधी दोघींनी मिळून शिलाई मशिनं पुढच्या खोलीत ओढली. चूल आणि बिछाना यांच्यात ती कशीबशी मावली.

"आता मी झोपू कुठे?" मावशींनी विचारलं.

"आमच्या घरी. आईला सांगून आलेय."

मग तिने स्वतःचं टेबल आणलं, लहानपणी अभ्यासाला होतं ते, डोक्यावर घेऊन. चीर गेलेल्या फरशीवर, बरोबर माझ्या कड्याच्या बाजूला ते मांडलं. खुर्ची मांडली. नकाशे पसरले. आराखड्याच्या पहिल्या पानावर जिथे दहा होतं तिथे तीन लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि ते पान मुकादमाच्या हाती परवान्याच्या कार्यालयात धाडलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

मालक धापा टाकत आला. मागच्या दारात, न लागणाऱ्या दारात, उभा राहिला. आत पाऊल टाकायला तयार नव्हता.

"हा काय तमाशा आहे? ऊठ. बाहेर ये."

"उरलेला आराखडा लिहायचाय. मी इथेच बसणार."

"इथे? खालून सगळं पोकळ आहे, वेडे!"

"काल तर म्हणालात, त्याला सवय झालीय."

खाली मी एक मूठभर गोटे सोडले, तिच्यासाठी नाही की त्याच्यासाठी नाही, ऊन आलं म्हणून. ते डबक्यात पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मालकाने माझ्याकडे बघितलं ते माल किती उरलाय हे बघायला नाही.

शेजारणीसाठी तो ढीग तसूभरही हलला नसता, हे ती ओळखून होती. म्हणून ती तिथे बसली होती. वेडेपणाच. पण बावीस वर्षं माझ्या काठाशी येऊन जे जे शहाणे बोलून गेले, त्यांच्यात पहिल्यांदा कोणीतरी स्वतःचं वजन माझ्यावर ठेवलं होतं. तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्याही घराच्या पायात माझ्यासारखीचे गोटे आहेत. माझ्याबद्दल बोलायचंच असेल, तर आधी इथे येऊन बसा.

"ढीग कड्याला लागेपर्यंत मी उठणार नाही, बाबा," तिने मान वर न करता सांगितलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.